गाईची वही

वाचकहो, घरात मूल जन्मले की आपण ग्रामपंचायतीत जातो. तिथे मुलाची जन्मतारीख लिहितात, आईचे नाव लिहितात, बापाचे नाव लिहितात. शिक्का मारून दाखला देतात. आता आमचा एक प्रश्न आहे. तुमच्या गोठ्यात वासरू जन्मले, तर त्याच्या बापाचे नाव कुठे लिहिलेले असते? बहुतेक घरी ते म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात असते. म्हातारा गेला की तेही गेले.

आमच्या भागातल्या काही शेतकऱ्यांनी ही नोंद कागदावर आणायचे ठरवले. त्यातून एक मंडळ उभे राहिले. खिलार गुरे जोपासणाऱ्यांचे हे मंडळ. आम्ही पूर्वी शाळेत हेडमास्तर होतो. नोकरी संपली, हातातला खडू सुटला, आणि मंडळाची चिटणिशी आमच्या गळ्यात पडली. अशा मंडळात वर्षभर काय चालते, ते या धड्यात सांगतो. हे वर्ष २०२४ च्या पाडव्यापासून २०२५ च्या पाडव्यापर्यंतचे. त्या वर्षी आमच्या हातची एक जुनी चूक उघडी पडली. तीही सांगणार आहोत.

आधी खिलार म्हणजे काय ते पाहू. खिल्लार म्हणजे गुरांचा कळप. त्यावरूनच या जातीला नाव पडले असे सांगतात. सांगली जिल्ह्यातले आटपाडी आणि जत, सोलापूर जिल्ह्यातले सांगोले, मंगळवेढे, पंढरपूर, सातारा जिल्ह्यातले माण आणि खटाव, हा या गुरांचा मुलूख. सीमेपलीकडे विजापूरकडेही ती आहेत. पाऊस कमी, माळरान फार, ऊन कडक. अशा रानात टिकेल असेच हे जनावर आहे.

खिलार लांबून ओळखू येते. अंग पांढरे किंवा करडे. बांधा काटक. कपाळ लांबट आणि चिंचोळे, मधोमध बारीक खाच. शिंगे मुळाशी जवळजवळ निघतात, आधी मागे वळतात, मग वर जातात. टोके अणकुचीदार. गळ्याखालची पोळी लहान. खूर काळे आणि टणक. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या टाळूवर तांबूस रंग असतो, तो दोन-तीन महिन्यांत निघून जातो. ज्याचे नाक, डोळ्यांच्या कडा, शिंगे, खूर सगळे काळेभोर, त्याला लोक काजळी खिलार म्हणतात आणि दोन पैसे जास्त देतात.

दुधाला मात्र ही गाय उणी. एका वेताला चार-पाचशे लिटरांच्या वर सहसा जात नाही. संकरित गाय त्याच्या कितीतरी पट दूध देते, हे नाकारण्यात काही अर्थ नाही. खिलार पाळली जाते ती बैलासाठी. उन्हात चालणारा, कोरड्या कडब्यावर राबणारा, पायाने चपळ असा बैल. पण बैलाचे काम आता राहिले किती? टेंभूचे पाणी आले, ऊस आला, त्यामागून ट्रॅक्टर आला. ज्या घरी दोन जोड्या होत्या तिथे आज एक नाही. आपल्या राज्यात २०१२ च्या गणनेत गाय-बैल मिळून सुमारे १ कोटी ५५ लाख होते. २०१९ मध्ये ते १ कोटी ४० लाखांवर आले. बैल गेला की त्याची आई कोण सांभाळणार? मंडळ निघाले ते या काळजीतून.

मंडळाची बैठक दर अमावास्येला भरते. आमच्याकडे अमावास्येला औत जुंपत नाहीत, म्हणून सगळे मोकळे असतात. बैठक देवळाच्या ओट्यावर. वर्गणी थोडी. चहा ज्याच्या गावात बैठक त्याच्याकडे. बायका पहिल्या वर्षी येत नव्हत्या, मागे भिंतीशी उभ्या राहत. आता ओट्यावर बसतात. आणि खरे सांगायचे तर गोठ्यातली माहिती पुरुषांपेक्षा त्यांनाच जास्त असते. गाय माजावर कधी आली, वासराने चीक कधी प्याला, हे दावणीला शेण काढणाऱ्यालाच कळते.

मंडळाची मुख्य मिळकत म्हणजे एक वही. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची. तिच्यात सभासदांच्या गाईंची नावे, त्यांच्या आईबापांची नावे, भरवल्याच्या आणि व्याल्याच्या तारखा. गाय सकाळी माजावर दिसली तर तिला संध्याकाळी वळू दाखवायचा, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ती ठरली नाही तर साधारण एकविसाव्या दिवशी पुन्हा माजावर येते. म्हणून तारीख लिहून ठेवली की एकविसावा दिवस चुकत नाही. ठरली असेल तर व्यायची तारीख काढायला सोपा हिशेब आहे. भरवल्याच्या तारखेत नऊ महिने आणि नऊ दिवस मिळवा. १० जूनला भरवली, तर नऊ महिन्यांनी १० मार्च, वर नऊ दिवस, म्हणजे १९ मार्च. चार-सहा दिवस मागेपुढे होते. पण त्या आठवड्यात घरातल्या कोणीतरी गोठ्यात निजायचे, हे ठरवता येते.

आता वर्षाकडे येऊ.

२०२३ साली पावसाने दगा दिला होता. त्यामुळे २०२४ चा पाडवा आला तेव्हा गुढीपेक्षा गंजीची काळजी मोठी होती. चैत्राच्या बैठकीत एकच विषय झाला, वैरण. कोणाकडे किती कडबा आहे ते लिहून काढले आणि ज्याच्याकडे जास्त होता त्याने तो बाहेरच्या व्यापाऱ्याला न देता मंडळातच द्यावा असे ठरले. दोघांनी ऐकले नाही. त्यांना आम्ही दोष देत नाही, कर्ज सगळ्यांनाच असते. उसाचे वाढे मिळत होते, पण नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवू नये. वाढ्यांत एक आंबट द्रव्य असते, ते अंगातला चुना ओढून नेते. हाडे कमजोर होतात, गाय माजावर येत नाही. वाढ्यांबरोबर कडबा, थोडी पेंड, क्षाराची भुकटी हवीच. आणखी एक गोष्ट. पावसाने ताण दिला की कोवळी ज्वारी विषारी होते. त्याला आपण किराळ लागणे म्हणतो. गुडघ्याएवढ्या सुकलेल्या ज्वारीत जनावर शिरू देऊ नका, घटकेत मरते.

चैत्रात खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा असते. तिथे जनावरांचा मोठा बाजार भरतो. आमचे मंडळ तिकडे खरेदी-विक्रीपेक्षा बघायला जाते. नव्या माणसाला बरोबर घेऊन जातो आणि दात बघायला शिकवतो. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन मोठे दात आले की दुसा, चार आले की चौसा. पाच वर्षांच्या पुढेमागे आठही दात येतात, मग बैल जुळला म्हणतात. हेडे लोक रुमालाखाली बोटे धरून भाव करतात. त्यात नव्या माणसाने हात घालू नये. तोंडाने भाव बोला आणि पावती घ्या.

त्या यात्रेत आम्ही एक गोष्ट पाहिली. शर्यतीच्या खोंडाभोवती माणसांचा वेढा होता. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाड्यांच्या शर्यती बंद केल्या होत्या. १६ डिसेंबर २०२१ ला त्याच न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली, आणि २०२३ च्या मे महिन्यात राज्याचा कायदाही उचलून धरला. तेव्हापासून चपळ खोंडाला असा काही भाव आला की विचारू नका. आमच्या मंडळात शर्यतीच्या बाजूचे आहेत, विरुद्धही आहेत. मंडळ स्वतः शर्यत भरवत नाही. पण आमचे म्हणणे वेगळेच आहे. भाव आला तो खोंडाला. गाईला आला नाही. त्याच बाजारात कडेला चांगल्या कालवडी उभ्या होत्या, त्यांना कोणी विचारत नव्हते. घरीही तेच. पाड्याला चारी सड सोडायचे आणि पाडीला दोन, ही आपली रीत. मग पाडी खुरटते आणि चौथ्या वर्षीसुद्धा माजावर येत नाही, तेव्हा आपण म्हणतो, गाय नशिबाची नाही. नशिबाचा यात काय संबंध? तिचे दूध तिच्या भावाने प्यालेले असते.

ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर, मंडळ लसीचे काम करते. दवाखान्याच्या डॉक्टरांना आधी कळवायचे, जनावरे एका ठिकाणी आणायची, आलेल्या प्रत्येकाची नोंद घ्यायची. घटसर्प आणि फऱ्या यांची लस पावसाआधी. लाळ-खुरकुताची वर्षातून दोनदा. चार ते आठ महिन्यांच्या पाड्यांना आणखी एक लस असते, गाभ टाकण्याच्या साथीच्या रोगावरची. ती आयुष्यात एकदाच आणि फक्त पाड्यांनाच द्यायची. २०२४ च्या जूनपासून कानात बिल्ला नसलेले जनावर विकायला आणि वाहून न्यायला राज्यात मनाई झाली. त्यामुळे बिल्ला मारून घ्यायला त्या वर्षी रांग लागली. बिल्ल्यावर बारा आकडे असतात. आमच्या साक्षरता वर्गातल्या मंडळींना आकड्यांचा सराव व्हावा म्हणून आम्ही ते त्यांच्याकडूनच वहीत उतरवून घेतले. एका आजोबांनी सहा आणि नऊ उलटे लिहिले. चूक गाईच्या कानाशी उभे राहूनच दुरुस्त झाली.

बेंदराचे काय सांगावे! आषाढात आमच्याकडे बेंदूर होतो, पोळ्याची वाट आम्ही पाहत नाही. आदल्या दिवशी खांदेमळणी. दुसऱ्या दिवशी अंघोळ, शिंगांना रंग, टोकांना शेंब्या, अंगावर झूल, पुरणपोळीचा घास. मंडळाने त्या वर्षी एक नवी गोष्ट केली. मिरवणुकीत बैलांच्या पुढे तीन गाई चालवल्या. काही जण हसले. हसू दिले.

आता त्या चुकीकडे येतो.

मंडळाकडे एक वळू होता. नाव हिरा. मालकी एका वृद्ध सभासदाची, पण त्याने तो सगळ्यांच्या गाईंसाठी मोकळा ठेवला होता. पैसे घेत नसे, वर्षाला पेंडीचे पोते तेवढे घेई. हिरा २०१९ च्या दिवाळीत या कामाला लागला. वळू कसा असावा याचे सगळे नियम त्याला लागू पडत होते. पाठ सरळ, वशिंड घट्ट, चारी पाय सरळ रेषेत, दोन्ही अंड सारखे, चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर पडायचा. स्वभाव गरीब. आम्ही त्याची आई आणि बहीणही पाहिली होती. वळू पाहायचा तर त्याची आई पाहावी. नुसते वळूचे रूप बघून भुलू नये. भोवरा कुठे आहे एवढेच बघून तर मुळीच नव्हे.

मंडळाचा एक नियम होता. तीन वर्षे झाली की वळू बदलायचा. का? समजून घ्या. वासराला निम्मा गुण आईकडून मिळतो, निम्मा बापाकडून. प्रत्येक जनावराच्या रक्तात एखादा दोष दडलेला असतो. तो एकाच बाजूने आला तर बहुधा दबून राहतो. दोन्ही बाजूंनी तोच दोष आला तर वर येतो. आता वळू गावात चार वर्षे राहिला तर काय होईल? त्याच्या पहिल्या पाड्या वयात येतील. त्या माजावर आल्या की मालक त्यांना गावातल्या वळूकडे नेणार. म्हणजे त्यांच्या बापाकडेच. बापाचा दोष लेकीत निम्मा आलेलाच असतो, त्यावर पुन्हा बापाचा. आपण सोयरीक करताना देवक बघतो, कुळी बघतो, सात ठिकाणी विचारतो. आणि गाय मात्र तिच्या बापाकडे नेऊन उभी करतो.

नियमाप्रमाणे हिरा २०२२ च्या दिवाळीत बदलायचा होता. त्याच पावसाळ्यात लंपीची साथ आली. अंगावर गाठी उठायच्या, ताप भरायचा, पाय सुजायचे. माश्या, डास, गोचिडांमार्फत रोग पसरत होता. जनावरांचे बाजार बंद झाले, गावातून गावात जनावर न्यायची बंदी झाली. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचून घेतली, तरी आमच्यातल्या काहींच्या दावणी रिकाम्या झाल्या. अशा वेळी वळू बदलण्याचे कोणाच्या मनात येणार? ते ठीक होते. पण पुढच्या वर्षी साथ ओसरली आणि हिऱ्याला यात्रेत पहिला नंबर मिळाला. गुलाल उधळला. फोटो निघाला. मग बदला म्हणण्याची आमची जीभ रेटेना. मालकाला वाईट वाटेल, असे आम्ही स्वतःला सांगितले. खरे तर आमचीही छाती फुगली होती.

२०२४ च्या सप्टेंबरात, भाद्रपद महिन्यात, मैना नावाची गाय व्याली. पहिलेच वेत. ही गाय एका विधवा बाईची. घरात ती, सासू आणि दोन मुले. पाडा झाला म्हणून आधी आनंद झाला. पण त्याचे पुढचे दोन्ही पाय गुडघ्यात वाकडे होते. उभे राहता येईना. बाईने चीक पिळून वाटीने पाजला. डॉक्टर आले, पायांना पट्ट्या बांधल्या. दिवसातून चार वेळा ती त्याला हातांवर उचलून सडाला लावी. अकराव्या दिवशी वासरू गेले.

पुढच्या अमावास्येला ती बैठकीला आली. आमच्या साक्षरता वर्गात ती पाच महिने येत होती. नुकती जोडाक्षरे संपली होती. म्हणाली, “गुर्जी, मैनाचं पान बघू.” आम्ही वही दिली. बोट ठेवून ती सावकाश वाचू लागली. जन्माच्या पानावर लिहिले होते : मैना. जन्म ऑगस्ट २०२०. आई चंद्री. बाप हिरा. मग तिने पाने उलटली. भरवणीचे पान पुष्कळ मागे होते. तेही वाचले. १२ डिसेंबर २०२३. मैना. वळू हिरा.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “गुर्जी, दोन्हीकडं एकच नाव हाय की वो.”

ओट्यावर कोणी बोलेना. दोन्ही ओळी आमच्या अक्षरात होत्या. ठळक, वळणदार. शाळेत आम्ही मुलांच्या पाट्यांवर अशाच अक्षराचा आग्रह धरत असू. एक ओळ लिहिताना दुसरी आम्ही उघडून पाहिली नव्हती. उंदीर कुरतडतील म्हणून वही आमच्या घरी ट्रंकेत कुलूप लावून ठेवलेली असे. बाईकडे ती असती तर कदाचित तिने आधीच वाचली असती.

आम्ही डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, एका वासरावरून तेच कारण असे खात्रीने सांगता येणार नाही. गाभणपणी खाण्यात कमी पडले तरीही पाय असे होऊ शकतात, आणि मैना गाभण असतानाचा तो उन्हाळा वैरणीच्या टंचाईचाच होता. पण बापाकडे लेक नेऊ नये, हे मात्र खात्रीचे. आम्ही हे उत्तर बैठकीत जसेच्या तसे सांगितले. बाईने कोणाला बोल लावला नाही. तिने बोल लावला असता तर आम्हाला हलके वाटले असते.

त्या बैठकीत दोन ठराव झाले. पहिला वहीचा. मोठी वही मोडली नाही, पण प्रत्येक गाईचे एक वेगळे पान केले. वर गाईचे नाव आणि बिल्ल्याचा आकडा. त्याखाली आई, बाप, आईची आई, आईचा बाप, बापाची आई, बापाचा बाप. त्याच पानावर खाली भरवण्याच्या आणि व्याल्याच्या तारखा. म्हणजे वळूचे नाव लिहिताना डोळ्यासमोर बापाचे नाव असतेच. या पानाची नक्कल मालकाच्या घरी. ती घरातल्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहायची, आम्ही लिहून द्यायची नाही. अक्षर वेडेवाकडे चालेल.

दुसरा ठराव हिऱ्याचा. तो सोपा नव्हता. सगळी पाने लावून पाहिली तेव्हा कळले की हिऱ्याच्या आणखी काही पाड्या वयात येत होत्या. एकाने सुचवले, वळू बदलू नये, कृत्रिम रेतन करून घ्यावे. ते गैर नाही. दवाखान्यात खिलार वळूच्या कांड्या मिळतात, आणि कांडीवर वळूचा नंबर असतो, तो पानावर लिहिता येतो. पण वाडीवस्तीवर माणूस वेळेवर पोचत नाही आणि गाईचा माज कोणासाठी थांबत नाही. म्हणून वळू हवाच असे ठरले. हिऱ्याचा मालक उठून गेला. दोन अमावास्या आला नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याने चहा दिला, पण हिऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या खेपेला मैनाचे आणि हिऱ्याच्या इतर पाड्यांची पाने बरोबर नेली आणि त्याच्या नातीकडून वाचून घेतली. ती चौथीत आहे. आजोबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, “विकायचा न्हाय. कुनाला तरी वापराय द्या, आन त्यांचा आना.” अदलाबदल, विक्री नाही.

याच हिवाळ्यात एकविसाव्या पशुगणनेचे गणतीदार घरोघर आले. या गणनेत जनावराची जातही लिहितात. आपल्याकडे कोणी विचारले तर आपण सहज म्हणतो, गावठी गाय आहे. गावठी म्हटले की ती बिनजातीच्या रकान्यात जाते. खिलार कागदावर एकाने कमी झाली. मंडळाने गावोगाव फिरून एवढेच सांगितले की, खिलार असेल तर खिलार म्हणा, नसेल तर म्हणू नका. काही जणांनी संकरित गाईलाही खिलार सांगून टाकले. त्यांना वाटले काही अनुदान असेल.

पौषात खरसुंडीला पुन्हा यात्रा भरते. चैत्रातल्यापेक्षा खिलारांचा बाजार तेव्हा आम्हाला जास्त आवडतो, थंडी असते आणि जनावरे तजेलदार दिसतात. सांगोल्याच्या बाजूचे आमच्यासारखेच काही शेतकरी तिथे येणार होते. त्यांच्याकडे चार वर्षांचा एक काजळी वळू होता, नाव शिलेदार. त्यांच्याकडे वही नव्हती. पण वळूची आई, तिची आई आणि त्यांचे बाप कोण, हे त्यांच्यातल्या दोघांनी वेगवेगळे बसून सांगितले आणि ते जुळले. हिऱ्याच्या कुळीशी कुठे गाठ पडत नव्हती. तीन वर्षांसाठी अदलाबदल ठरली. कागद केला, दोन्ही बाजूंनी सह्या केल्या. हिऱ्याच्या मालकाला आम्ही अंगठ्याची शाई पुढे केली, तर त्याने ती बाजूला सारली आणि पेन मागितले. नातीने शिकवले होते म्हणे. नाव लिहायला त्याला बराच वेळ लागला. मग तो हिऱ्याबरोबर त्या टेंपोतच बसला आणि तिकडे दोन रात्री राहून परत आला. हिरा पहिल्या रात्री पेंडीला तोंड लावत नव्हता, दुसऱ्या दिवशी खाऊ लागला, एवढे त्याने आल्यावर सांगितले.

माघात ज्वारीची काढणी लागली. वैरण त्या वर्षी चांगली झाली, कारण २०२४ चा पाऊस बरा होता. वर्षाचा जमाखर्च फाल्गुनात वाचून दाखवला. शिल्लक फार नव्हती. नव्या पानांच्या वह्यांना थोडे पैसे गेले, वळूच्या टेंपोला गेले.

मैना २२ फेब्रुवारी २०२५ ला शिलेदाराकडे नेली. बाईने पान स्वतः लिहिले आणि नऊ महिने नऊ दिवसांचा हिशेब बोटांवर करून खाली तारीख घातली : १ डिसेंबर. पेंडीचे दोन पेंढके मंडळाने तिला दर महिन्याला दिले. ते वर्गणीतून नव्हे, आम्ही आमच्या पेन्शनीतून दिले. गाय ४ डिसेंबरला पहाटे व्याली. पाडी आहे. चारी पाय सरळ, टाळू तांबूस. तिला चारही सड सोडायचे असे बाईने ठरवले आहे. पानावर बापाचे नाव लिहिताना तिने शिलेदारमधला ‘शि’ ऱ्हस्व लिहायचा की दीर्घ, हे विचारायला मुलाला आमच्याकडे पाठवले होते.